गौराकाकूची मिश्री

गौराकाकूच्या घरात ब्रश एकच होता, आणि तो तिच्या लेकीच्या, महादेवीच्या दप्तरात असायचा. शाळेतल्या बाईंनी सांगितलं म्हणून काकूनं तो दुधनीच्या बाजारातून आणला होता. उन्हाळ्याची सुटी लागली की दप्तराबरोबर ब्रशही माळ्यावर जायचा आणि महादेवी चुलीतल्या राखेनं दात घासायची. माझे वडील शिक्षक, त्यामुळे शेजारच्या आमच्या घरात प्रत्येकाचा वेगळा ब्रश. आईनं एकदा काकूला टोकलं, तर ती म्हणाली, "आता शाळा कुटं हाय, वैनी?" तिच्या लेखी पाटी, पेन्सिल आणि ब्रश हे सगळं एकाच खात्यातलं होतं.

काकू स्वतः मिश्रीवाली. सकाळी तिच्या तव्यावर तंबाखू करपायला लागली की आम्ही शिंकतच उठायचो. गल्लीतल्या बायका चिमूटभर मिश्रीसाठी तिच्या उंबऱ्यावर जमायच्या. बोट दातांवर फिरायचं आणि तोंडही चालू असायचं. सासवा, सुना, नवरे, कुणाची म्हणून सुटका नसायची. त्यात काकूचं हसणं सगळ्यांत मोठं, आणि मला ते फार आवडायचं. मजुरीला निघण्याआधीचा तेवढाच वेळ त्या बायकांचा स्वतःचा होता.

दाढ ठणकली की काकू मिश्री जास्तच लावायची. हिरडी बधिर झाली की दुखणं गेलं, असं तिला वाटे. अक्कलकोटला दाखवून ये, असं आई म्हणायची. "दाताच्या डाक्टरकडं जायचं म्हंजे रोज बुडतोय, एस्टीचं भाडं येगळं. दात काय, सुटला की आपुआप हातात येतोय की!" असं करता करता चाळिशीतच तिच्या तोंडात पुढचे मोजके दात उरले. भाकरी कालवणात भिजवल्याशिवाय गिळवेना.

महादेवीला मात्र तिनं मिश्रीच्या डबीला कधी हात लावू दिला नाही. "तू शाळंत जातीस," एवढंच कारण. महादेवी शिकली, सोलापुरात नर्स झाली आणि आईला शुक्रवार पेठेतल्या दातांच्या दवाखान्यात घेऊन गेली. मिश्री सोडली तरच उरलेले दात टिकतील, असं डॉक्टरांनी बजावलं. काकूनं खरोखर सोडली. लेकीकडे राहिली, डोकं धरून बसली, सगळ्यांवर खेकसली, पण डबी मागितली नाही. हिरड्यांची सूज उतरली, मागं कवळी बसली आणि काकू गावी परतली.

गेल्या वर्षी काकू झोपेतच गेली. मी भेटायला गेले तेव्हा महादेवी म्हणाली, "गावी आल्यावर आईनं परत मिश्री लावायला सुरुवात केली होती. एकदा मी आले तेव्हा गल्लीतच मला वासावरनं कळलं."

"मग तू काही बोलली नाहीस?"

"बोलायचं ठरवूनच दारापर्यंत आले होते गं. बघते तर उंबऱ्यावर सगळ्या बायका जमलेल्या, आणि आई हसत होती. सोलापुरात माझ्याकडं होती तेवढ्या दिवसांत एकदाही हसली नव्हती ती. मी तशीच मागच्या दारानं आत गेले."