रुपरावांची खुर्ची आणि बाबनरावांचा बडग्या

पेठेतल्या पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरली की दोन गोष्टी ठरलेल्या असत. खुर्च्या रुपरावांच्या आणि आभारप्रदर्शनही रुपरावांचंच.

रुपराव धकाते यांचं बिछायत केंद्र वडिलांच्या हातमागाच्या जागी उभं होतं. माग गेले, मागांचे खड्डे बुजले आणि त्या जागेवर आता लाल-निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या उतरंडी छताला टेकल्या होत्या. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, पेठेत कोणालाही बूड टेकायचं असलं की ते रुपरावांच्या खुर्चीवरच टेके. ठाण्यालाही खुर्च्या त्यांच्याच जात, आणि त्या पोचल्या की मागोमाग पांढरं जाकीट घालून स्वतः रुपराव पोचत. ठाणेदारांच्या उजव्या हाताची खुर्ची त्यांची. ती कोणी दिली नव्हती. पण खुर्च्या मांडणाऱ्याला आपली कुठे मांडायची, एवढं तर कळतंच.

बैठकीत साहेब सूचना देत, लोक माना डोलवत आणि शेवटी रुपराव उठत. आभार मानण्यात त्यांचा हात कोणी धरावा! ठाणेदारांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचे ते असे भरघोस आभार मानत की कालच बदलून आलेल्या साहेबालाही आपण या पेठेसाठी फार खस्ता खाल्ल्या असं वाटू लागे. एकदा ऐन बैठकीत वीज गेली, तर अंधारात सगळ्यांना शांत बसता आलं म्हणून त्यांनी वीज कंपनीचेही आभार मानले होते.

या सेवेचं फळ एकच. रस्त्याने जीप जाताना आतून साहेबांनी मान हलवली की रुपरावांचा दिवस गोड जाई.

"खड्ड्यानं हलली असन," मैनाबाई म्हणत. या त्यांच्या सौभाग्यवती. नवऱ्याच्या फुग्याला टाचणी लावण्याचं काम त्यांनी लग्नापासून विनातक्रार सांभाळलं होतं.

तर यंदाच्या उन्हाळ्यात वरून हुकूम आला. ठाण्याच्या कामावर नजर ठेवायला वस्तीतल्याच लोकांची समिती नेमायची. ठाण्यात कोणाला विनाकारण बसवून ठेवलंय का, कोणाची तक्रार घ्यायला टाळाटाळ होते का, कोठडीत प्यायला पाणी आहे का, हे या लोकांनी कधीही जाऊन पाहायचं, विचारायचं आणि वर कळवायचं. शांतता समितीत पोलीस सांगत आणि लोक ऐकत. इथे लोकांनी विचारायचं होतं आणि पोलिसांनी उत्तर द्यायचं होतं.

रुपरावांनी जाकीट इस्त्रीला टाकलं. पण हुकमात एक अट होती. ज्याचा ठाण्याशी काही व्यवहार आहे, असा माणूस समितीवर नको. आता ठाण्यात खुर्च्या रुपरावांच्या, मांडव रुपरावांचा, बंदोबस्तावरचे शिपाई पाठ टेकत त्या गाद्याही रुपरावांच्याच. ठाण्याशी जेवढी जवळीक तेवढा आपला मान मोठा, या समजुतीवर त्यांनी हयात काढली होती. ती जवळीकच त्यांना नडली.

आणि घेतलं कोणाला? बाबनरावांना! शेजारच्या घरातल्या बाबनराव नंदनवारांना!

रुपराव आणि बाबनराव लहानपणी एकाच मागाखाली लपाछपी खेळले. मग बाबनराव एसटीत कंडक्टर झाले आणि सावनेर-खाप्याच्या गाडीवर तिकिटं फाडत निवृत्त झाले. नोकरी सुटली, पण सवय सुटली नाही. लग्नाच्या पंगतीतही ते वाढप्यासारखे एका टोकाकडून निघत आणि प्रत्येकाला विचारत, "कुठून बसले? कुठवर जायचं?"

अशा माणसाच्या गळ्यात आता निळ्या दोरीचं ओळखपत्र आलं. ते घालून बाबनराव भाजी आणत. ते घालून दाढी करवून घेत. एका सकाळी तर ते नुसत्या बनियनवर ओळखपत्र लटकवून तुळशीला पाणी घालताना दिसले.

"पाह्यलं वं?" रुपराव खिडकीतून आत ओरडले. "बनियनवर कार्ड! तुळशीले दाखवून राहिला!"

"त्यायचं बनियन, त्यायचं कार्ड. तुमचं काहून पोट दुखते जी?"

"माहं पोट? माहं पोट ठणठणीत आहे."

"मंग भाकर काहून उरली?"

समितीची पहिली बैठक ठाण्यात ठरली आणि खुर्च्या सांगितल्या गेल्या रुपरावांकडे. म्हणजे शेजाऱ्याच्या वरातीला आपलाच घोडा! त्यांनी उतरंडीतून एक निळी खुर्ची काढली. तिच्या बैठकीला एक तडा होता. माणूस बसला की तो तडा उघडे आणि मागे रेलला की मिटे; मिटताना जे सापडेल ते धरून मिटे. कामावरच्या कवडूला रुपरावांनी बजावलं, "हे बाबनरावच्या बुडाखाली गेली पाहिजे."

कवडूने ती बरोबर बाबनरावांसमोर मांडली. पण सगळे प्रवासी बसल्याशिवाय कंडक्टर बसतो कुठे? बाबनराव उभेच. शेवटी साहेबांनी आदराने आपली गादीची खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः त्या निळीवर बसून ऐसपैस रेलले.

दुसऱ्या दिवशी साहेबांची जीप बिछायत केंद्रावरून गेली. खड्डा तोच होता. मान हलली नाही.

इकडे बाबनरावांचा बोलबाला वाढतच होता. ते भलत्याच वेळी ठाण्यात शिरत आणि बाकड्याच्या एका टोकाकडून सुरुवात करत, "कुठून बसले? केव्हाचे बसले? कोणी बसवलं?" सायकल चोरीला गेलेला एक दूधवाला बाकावर बसून कंटाळला होता, त्याची तक्रार त्याच दुपारी लिहून घेतली गेली. ही बातमी पेठेत पसरली, आणि बाबनरावांच्या दारात रोज सकाळी चपलांचा ढीग पडू लागला. रुपराव दात घासताना त्या ढिगाकडे पाहत आणि ब्रश दातांऐवजी हिरडीवर चाले.

कहर म्हणजे एक दिवस बाबनराव स्वतःच आले.

"रुपा, चार-दोन खुर्च्या दे गा. लोक उभे राह्यतात, चांगलं नाही दिसत."

"खुर्च्या?" रुपराव म्हणाले. "सगळ्या लग्नात गेल्या."

बाबनरावांनी छताला टेकलेल्या उतरंडींकडे एकवार पाहिलं. "मोठं लग्न दिसते," म्हणाले आणि गेले.

त्या दिवशी रुपरावांनी ठरवलं. मारबत जवळ आली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतींची, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते आणि तिच्यासोबत निघतात बडगे. वर्षभर ज्याने लोकांना पिडलं त्याचा कागद-बांबूचा पुतळा करायचा, गावभर मिरवायचा आणि शेवटी जाळायचा. पेठेचा बडग्या रुपरावांच्या वडिलांपासून धकात्यांच्याच घरून निघे. एक वर्ष खंड नव्हता. महागाईचा झाला होता, डासांचा झाला होता, पाणी न देणाऱ्या नळाचा झाला होता. यंदा बाबनरावांचा.

रुपरावांनी जीव ओतला. बांबूचा सांगाडा, घोड्याच्या शेपटीच्या केसांची मिशी, पुढे आलेलं भलंमोठं नाक, खांद्याला चामडी पिशवी, गळ्यात निळ्या दोरीचं पुठ्ठ्याचं कार्ड. डोक्यावर एक जुनी खाकी टोपी चढवली. आणि साहेबाचा तोरा दिसावा म्हणून बसवला कशावर, तर नवरदेवाच्या लाल मखमली खुर्चीवर. पाटीवर लिहिलं, 'कुठून बसले?'

"नाक मोठं झालं," मैनाबाई म्हणाल्या.

"त्याचं आहेच मोठं."

"तुमच्या डोयात मोठं झालं जी. आधी एवढं नोतं."

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी ठाण्याची गाडी आली. खाकी टोपीचा पुतळा, म्हणजे खात्याची बदनामी, असं म्हणून शिपायांनी बडग्या उचलला आणि मखमली खुर्चीसकट घेऊन गेले.

रुपराव आधी हसलेच. आपलंच ठाणं! एका शब्दाचं काम. जाकीट चढवून ते गेले. दारात सुमंत हवालदार होता.

"सुमंतराव, ते आमचं थोडं..."

"बसा काका."

रुपराव बसले. बाकावर. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कळलं की ठाण्यात 'बसा' म्हणणं आणि खुर्ची देणं यांत केवढं अंतर आहे. समोरच्या कोपऱ्यात त्यांचा बडग्या ऐटीत रेलला होता. पुतळा मखमलीवर आणि मालक लाकडावर! चहा आला, तो बाकाच्या अलीकडूनच वळला. साहेब बाहेर आले, रुपरावांकडे पाहिलं, नकळत एक हात मागे नेऊन कंबरेखाली चोळला आणि आत गेले. उन्हं कलली. शेजारी बसलेल्या माणसाने विचारलं, "तुमचं काय जी?"

"मी शांतता समितीचा आहे."

"मीबी सकाळपासून शांतच बसलो."

आणि तेवढ्यात दारात निळी दोरी चमकली.

रुपरावांनी गळ्यातला दुपट्टा डोक्यावरून ओढून तोंड झाकलं. बाबनराव पलीकडच्या टोकापासून सुरू झाले होते. "कुठून बसले? केव्हाचे बसले?" आवाज एकेक माणूस जवळ येत होता. दुपट्ट्याआड रुपरावांचा जीव टांगणीला लागला. सहजच आलो म्हणावं, तर बडग्या इथेच राहील आणि वडिलांपासूनचा नेम आपल्या हातून तुटेल. तक्रार करावी, तर ती करायची कोणापुढे? बाबनच्या! आणि तक्रारीचा मुद्दा काय? बाबनचाच पुतळा!

"कुठून बसले?" आवाज डोक्यावरच आला. बाबनरावांनी दुपट्टा दोन बोटांनी उचलला. "अबे रुपा! तू?"

जन्मभर या इमारतीत रुपराव फक्त आभार मानत आले होते. दुसरं काही बोलायला जीभच वळेना. शेवटी पुटपुटले, "मले काहून बसवून ठेवलं, ते इचार."

"मोठ्यानं बोल. मागच्याले ऐकू गेलं पाह्यजे."

"मले काहून बसवून ठेवलं?" रुपराव गरजले. "आन माहा बडग्या काहून आणला?"

सगळं ठाणं वळून पाहू लागलं. बाबनरावही वळले आणि त्यांना कोपऱ्यातला बडग्या दिसला.

"हा कोण आहे?"

सुमंतने सेवाभावाने सांगितलं, "तुमीच आहात, साहेब."

बाबनराव जवळ गेले. त्यांनी मिशी चाचपली, पाटी वाचली. रुपराव जमीन दुभंगायची वाट पाहत होते. गलका ऐकून साहेब बाहेर आले आणि गोड आवाजात म्हणाले, "बाबनराव, यात तुमचीच टिंगल आहे. तुमच्या मानासाठीच जप्त केला आम्ही."

"माह्या मानाची तक्रार मी केली होती काय?"

"तशी नाही, पण..."

"दुसऱ्या कोणी केली?"

"खाकी टोपी आहे ना. पोलिसांची बदनामी."

बाबनरावांनी बडग्याची टोपी काढली, उलटी केली आणि आतलं अस्तर साहेबांसमोर धरलं. "हे एसटीची टोपी आहे. माही. रिटायर झालो तवा मीच याले देल्ली, उन्हात खुर्च्या उतरवते म्हणून. टोपी माही, नाक माहं, बदनामी माही. खात्याचं यात काय आहे ते सांगा, म्हणजे वर कळवतो."

साहेबांनी टोपी पाहिली, बाबनरावांच्या गळ्यातलं कार्ड पाहिलं. आणि सुमंतला म्हणाले, "गाडीतून पोचवून द्या."

"आन हे जे बाकावर बाकीचे आहेत," बाबनराव म्हणाले, "त्यायचं काय?" आणि ते पुढच्या माणसाकडे सरकले.

मारबतीच्या दिवशी पेठेचा बडग्या निघाला आणि काय सांगावं! 'घेऊन जा गे मारबत'च्या गजरात लोक त्या नाकावर फिदा झाले. त्यात खरे बाबनराव गाडीच्या बाजूने चालत, तेच नाक घेऊन. पोरीबाळी एका बाजूला पुतळा आणि एका बाजूला माणूस उभा करून फोटो काढत होत्या. गाडी ढकलणाऱ्या रुपरावांना मात्र प्रत्येक जण म्हणे, "काका, थोडे बाजूले व्हा ना." बदनामीसाठी केलेला पुतळा, आणि त्यानेही कीर्ती झाली ती बाबनचीच!

संध्याकाळी गावाबाहेर बडग्या पेटला. बाबनरावांनी टोपी आधीच काढून रुपरावांच्या डोक्यावर ठेवली होती. ज्वाळा नाकाशी पोचल्या तसे रुपराव हळूच म्हणाले, "पुढच्या साली माहा बडग्या कर ना गा."

"तुहा कायले?"

"सगळ्यायचेच होतात."

"बडग्या व्हाले माणसानं कोणाच्या तरी डोयात खुपावं लागते रुपा. तू कोणाच्या डोयात खुपते?"

हे मात्र रुपरावांच्या काळजाला लागलं. "ते चावणारी खुर्ची मीच तुह्यासाठी धाडली होती!" ते उसळून म्हणाले.

"मले माहीत आहे. तुह्या पोरीच्या लग्नात त्याच खुर्चीनं मले धरलं होतं. म्हणून तर बैठकीत उभा होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबनरावांच्या दारात चपलांच्या ढिगाशेजारी कवडूने खुर्च्यांची एक उतरंड आणून उतरवली. रुपराव खिडकीत उभे राहून दात घासत होते. आतून मैनाबाई म्हणाल्या, "शेवटी धाडल्या ना जी? बरं केलं."

रुपरावांनी चूळ भरली. उतरंडीत सगळ्यात वर तीच तड्याची निळी होती.