फुल दाखवणारी रिकामी बॅटरी

“मिस्त्री, गेल्या खेपेला बॅटरी फुल आहे म्हणालात, मग दिवा का विझतो?” डॉक्टरीणबाईंनी गाडीतून उतरता उतरताच मला धारेवर धरलं. मागे त्यांचा ड्रायव्हर रंगनाथ मान खाली घालून उभा.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. नगरला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं गॅरेज होतं. बाईंची दवाखान्याची व्हॅन पाथर्डीकडच्या दुष्काळी कामांवर फिरायची. बायकांना तपासायचं म्हणून काचांना रंग फासलेला, त्यामुळे भर दुपारीही आत अंधार. दिव्यासाठी मागे वेगळी बॅटरी बसवलेली. आदल्या दिवशी एका मजूरबाईच्या पायाला टाके घालताना तोच दिवा गेला. बाईंनी टॉर्च दातात धरून टाके पुरे केले. चिडतील नाही तर काय!

“हा रात्री याच बॅटरीवर पंखा लावून झोपतो, रेडिओ ऐकतो. उद्यापासून येऊ नको म्हणून सांगणार आहे मी याला.”

“पोराची शपथ बाई, म्या रेडिओला हात लावला न्हाई!”

“तुझ्या शपथेवर दिवा लागणार आहे का रे?” मी खेकसलो. पण मला ठाऊक होतं. त्या साली ड्रायव्हरकी गेली म्हणजे त्यानेही बायकोशेजारी दुष्काळी कामावर खडी फोडायला बसायचं.

मी हायड्रोमीटर काढला. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारी कांडी. बॅटरीतलं ॲसिडपाणी नळीत ओढायचं. चार्ज भरलेला असला की ते पाणी जड होतं आणि कांडी वर तरंगते. कांडी झकास वर. म्हणजे फुल. मग हेडलाइटचा बल्ब थेट बॅटरीला लावला. क्षणभर उजळला आणि लालसर होऊन बसला.

वायरी तपासल्या, ठीक. टर्मिनल घासले, तरी तेच. माझं डोकं फिरायची वेळ आली. पुन्हा हायड्रोमीटर लावला आणि या वेळी कांडीवरचा आकडा नीट वाचला. भरलेल्या बॅटरीत बाराशे साठच्या आसपास हवा. इथे तेराशेच्या वर! चार्जिंग करून एवढा येतच नाही.

“बाई, याने रेडिओ लावला असता तर आकडा उतरला असता,” मी म्हणालो. “इथे तर चढलाय. रंग्या, काय ओतलंस यात?”

तो गाडीच्या काचेवरचा रंग नखाने खरवडायला लागला.

“अरे बोल की!”

“लेव्हल कमी झाल्ती. म्हून गाडीतल्या बाटलीतलं ॲसिड टाकलं. बाटरीत ॲसिडच असतं न्हवं?”

बॅटरीतलं पाणी उडतं, ॲसिड उडत नाही. म्हणून वरून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं. ॲसिड ओतलं की चार्ज नसतानाही पाणी जड होतं आणि मीटर बिनदिक्कत खोटं बोलतो. वर प्लेटा खराब होतात त्या वेगळ्याच.

“डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मी स्वतः दिला होता तुला,” बाई म्हणाल्या. “तो कुठे गेला?”

रंगनाथने एकदा माझ्याकडे पाहिलं. “कामावर दोन दिस टँकर आला न्हाई, बाई. एक बाळंतीण हुती, पोराला अंगावर घेऊन उन्हात बसलेली. माज्याजवळ तेवढंच सोच्छ पानी हुतं. लई प्याली ती.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“बाटरीचं पानी दिऊन टाकलं म्हून रागवाल, वाटलं.”

बाई पदराने चष्मा पुसत राहिल्या.

बॅटरी गेली ती गेलीच. मी दुसरी बसवली. निघताना बाई म्हणाल्या, “मिस्त्री, पाण्याचे दोन मोठे कॅन मिळतील? प्यायचे. बॅटरीचा वेगळा द्या.” मग रंगनाथकडे वळून, “चल, गाडी काढ. आणि पाणी द्यायला मला विचारत बसू नकोस.”

तेव्हापासून गॅरेजात बॅटरी आली की मी हायड्रोमीटर नंतर लावतो. आधी ड्रायव्हरला जवळ बसवतो, चहा देतो आणि न खेकसता विचारतो, यात काय ओतलंस बाबा?