अंदमानातली सोयरीक

हसणार नसाल तरच सांगतो, न्हाईतर गुमान च्या प्या! उभ्या कोरेगावाच्या खोड्या काढणारा मी गडी, पर अंदमानात जाऊन असा तोंडावर आपटलो की इचारू नगा.

झालं काय, आमचा इकास पुण्यात कंपनीत हाय. म्हणाला, "आबा, तुमाला आन आयला बेट दाखवतो. इमानातनं जायचं."

माझ्या मनात तवाच पाल चुकचुकली. जत्रंला याला रजा मिळत न्हाई, आन बेटावर जायला कशी मिळती?

आन मला तर लयच जपून ऱ्हायचं हुतं. लोणंदच्या माझ्या दोस्ताला मी शबूद दिल्याला, तुझी पोरगी आमच्या इकासला केली म्हणून. घरात कुणालाच बोललो नव्हतो. म्हटलं, दिवाळीत पोरगं खुशीत असलं की सांगू.

हाटेलाच्या दारातच एका पोरीनं माझ्या गळ्यात शिंपल्याची माळ घातली. आन इकासकडं बघून हसली, "वेलकम बॅक, सर!"

"आरं, तू हितं आदी कवा आल्तास?"

"मागल्या साली, आबा. दोस्तांसंगं."

मागल्या साली! आमाला म्हणाला हुता, हापिसच्या कामाला चाललोय!

तवर मॅनेजर आला. त्यानं हातात नारळ दिला, नळी घातल्याला. डोक्यावर गवताची टोपी ठिवली. वर लालभडक गोड सरबत. खोलीत गेलो तर पलंगावर नवंकोरं टॉवेल, त्येंची बदकं केल्याली!

"आगं बया, किती ग्वाड!" म्हातारी म्हणाली.

मी मटकन खाली बसलो. आता तुमीच सांगा. टॉवेल, टोपी, नारळ, वर तोंड गोड! आपल्याकडं पोराच्या बापाला ह्ये कवा देत्यात? सोयरीक जमल्यावरच न्हवं? म्हंजी हितं पोरीकडच्यांनी समदी तयारी केल्याली!

"म्हातारे, टॉवेलला हात लावायचा न्हाई! घेतला की सोयरीक पक्की!"

"कसली सोयरीक? आन आंग कशानं पुसू?"

"वाऱ्यानं!"

दुसऱ्या दिशी इकासनं मला समुद्रात उतरवलं. डोळ्याला काच, तोंडात नळी. म्हणाला, "आबा, खाली बघा, रंगीत मासं." मासं कसलं बघतोय! माझं ध्यान काठावर. ती माळवाली पोरगी आन इकास खिदळत हुती.

कुडकुडत भाईर आलो, तर मॅनेजर टॉवेल घिऊन माझ्याकडंच पळत आला!

मी पळालो.

"अंकल, टॉवेल! अंकल!"

मी म्होरं, टॉवेल मागं! गोरी माणसं फोटू काढाय लागली. मला वाटलं, ह्यो व्याही लयच चिवट हाय!

शहाळं सोडलं, अननस सोडला. नुसती माशाची आमटी आन भात. ती तिखट हाय, तिनं तोंड गोड हुत न्हाई.

सांजच्याला जेवाय बसलो, तर मॅनेजर हसत हसत खोबऱ्याच्या वड्या घिऊन आला. माझं डोस्कंच फिरलं. उठलो, गवताची टोपी त्याच्या हातात कोंबली, आन खच्चून वरडलो, "मॅनेजर साब! तुमारा टॉवेल, टोपी समदा वापस लेव! हमारे पोरगे का ठर गया हाय! लोणंद में! हम शबूद दिया हाय!"

मॅनेजरनं माझं दोनी हात धरलं. "बेटे की शादी पक्की? बधाई हो, अंकल! अरे, केक लाओ!"

टाळ्याच टाळ्या! ती माळवाली पोरगीबी धावत आली, मॅनेजरच्या खांद्यावर हात ठिवून हसाय लागली. त्याचीच बायको की ती! मग मी इकडंतिकडं नीट बघितलं. प्रत्येकाच्या गळ्यात माळ, प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी. एवढ्या समद्यांसंगं काय त्यो मॅनेजर सोयरीक करणार हुता व्हय?

इकास उठला. "आबा, माझं ठरलंय? कुणासंगं?"

म्हातारी कमरंवर हात ठिवून उभी. "आवं, लोणंदला? आन मला न इचारता?"

मी म्हटलं, "आदी केक तर कापू."

त्या बेटावर मला समद्यांनी बधाई दिली बगा. मॅनेजरनं दिली, त्याच्या बायकोनं दिली, गोऱ्या माणसांनी फोटू काढून दिली. ऱ्हायली फकस्त दोनच माणसं, नवरदेव आन त्याची आय!