‘बांधून ठेवा’ असं मीच सांगितलं होतं

आमच्या कुत्रीची पिल्लं पोलादपूरच्या वरच्या वाड्यांपासून पाचाडपर्यंत गेली आहेत, हे मी चारचौघांत छाती काढून सांगायचो. रानडुक्कर भातात शिरलं की दुसऱ्यांची कुत्री लांबूनच भुंकतात, आमचं पिल्लू अंगावर जातं. हे खोटं नव्हतं. म्हणून लोक पिल्लू जन्मायच्या आधीच येऊन शब्द घेऊन जायचे. पैसे मी कधी घेतले नाहीत. आमच्याकडे पिल्लू विकत नाहीत, नारळ घेऊन देतात. नेणारा काडीनं त्याचं शेपूट मोजतो आणि ती काडी आपल्या उंबऱ्याजवळ पुरतो, म्हणजे पिल्लू घर धरतं. आणि देणाऱ्यानं पुन्हा बघायला जायचं नसतं. गेला तर पिल्लाचं मन मागं फिरतं म्हणतात. ही रीत मी फार मन लावून पाळली. मला ती सोयीची होती.

पिल्लू हातात देताना मी प्रत्येकाला बजावायचो, लहानपणापासून बांधून ठेवा. मोकळं सोडलं की लाडावतं, बांधलेलं तिखट निघतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी चौथी नापास माणूस, पण एकदा मी ठरवलं म्हणजे ते बरोबरच, असा माझा स्वभाव. आमची स्वतःची कुत्री मात्र जन्मभर मोकळी. मग ती तिखट कशी निघाली, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

ती माजावर आली की खालच्या वाडीतला दांडगा कुत्रा आणून मी तिला त्याच्याबरोबर गोठ्यात कोंडायचो. वर्षातनं दोनदा. शेवटच्या वेताला तिच्या फासळ्या लांबून दिसायच्या, सड लोंबायचे. बायको तिला पेज घालायची आणि मला ऐकवायची.

“आवो, तुमचा शब्द तुमच्याजवळ ठेवा. पोटात काय तुमी वागवताय?”

“तुला काय कळतंय गो त्यातलं?”

“मला नाय कळत? पाच पोरं मी काढली. तुमी नुसते पेढे वाटलेत.”

म्हैस आजारी पडली तेव्हा गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई घरी आल्या. म्हैस तपासून झाली आणि त्यांची नजर कुत्रीवर गेली.

“आजोबा, हिला आता पुरे करा. पुढच्या वेताला ही वाचायची नाही. ऑपरेशन करून घ्या, मी करते.”

“तुम्ही म्हशीला आलात ना? म्हैस बघून झाली. चहा घ्या आणि निघा.”

त्यांनी चहा घेतला नाही.

कशेडी घाटात धाबा चालवणारा माझ्याच वयाचा एक जण होता. त्याला मी पुढच्या वेतातलं पहिलं पिल्लू कबूल केलं होतं. कुत्री जगते की मरते यापेक्षा मला माझा शब्द मोठा होता. लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

गणपती झाल्यावर कुत्री पुन्हा माजावर आली. सकाळी खालच्या वाडीतला कुत्रा आणून मी अंगणात बांधला आणि संध्याकाळी आल्यावर कोंडू म्हणून पाचाडला नात्यातल्या एकाच्या बाराव्याला गेलो. जेवून एस.टी.च्या थांब्याकडे चालत निघालो तर वाटेत एका मुंबईकराचं फार्महाऊस लागलं. आदल्या वर्षी तिथं मी एक नर दिला होता. रीतीप्रमाणे मान वळवून पुढं गेलो असतो. पण वास आला. मेलेलं जनावर कुजल्यासारखा वास.

गेट नुसतं लोटलेलं होतं. कुत्रा पाण्याच्या टाकीमागं पडला होता, पुढचा डावा पाय पांढरा, म्हणजे आमचाच. मेला नव्हता. त्याच्या गळ्यातली निळी नायलॉनची दोरी मीच बांधून दिली होती, पिल्लू एवढंसं असताना. कुत्रा वाढला, दोरी तेवढीच राहिली. आता ती दिसत नव्हती. मानेच्या मांसात गेली होती, गाठ तेवढी बाहेर, आणि गाठीवर माश्या. डब्यातल्या पाण्यावर शेवाळ. मी दोरीला हात लावला तसा तो जमिनीला चिकटून मुतला.

तिथला राखणदार खुरपं घेऊन आला. मी त्याच्यावर तुटून पडलो.

“अरे माणूस हायस का कोण? ह्याची मान बघितलीस?”

“शेठ पावसात येत नाय. मी दिसाआड भात टाकतो.” मग त्यानं मला नीट न्याहाळलं. “बाबा, तुमीच ना ह्याला दिलेलात? तुमीच सांगून गेलात, सोडू नका, बांधलेला तिखट होतो. मी बोललो शेठला, जरा सोडू या. शेठ बोलला, म्हाताऱ्याला कळतं त्यातलं.”

मी पुन्हा कुत्र्याजवळ वाकलो. दोरी हातानं सुटणारी नव्हती. डॉक्टरीणबाईंचा नंबर म्हशीच्या निमित्तानं फोनमध्ये होता. ज्या बाईला उंबऱ्यावरनं घालवली तिलाच फोन लावायचा, म्हणून मी तिथं दगडावर किती तरी वेळ बसून राहिलो. कुत्रा तसा पडलेला आणि मी माझा मान सांभाळत बसलेला. तो वेळ मला अजून टोचतो.

शेवटी लावला. त्या एवढंच म्हणाल्या, “ओढू नका, कापू नका. पोत्यावर घालून महाडला दवाखान्यात आणा, मी थांबते.”

मिनिडोर रिक्षावाला कुरकुरला, “म्हातारबा, ह्या वासात पाशिंजर बसेल का?”

“नको बसवूस. सगळी गाडी माझी.”

बाईंनी भूल दिली, केस काढले आणि चिमट्यानं दोरी ओढून काढली. मागच्या भांडणाचा एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं. जखम बांधताना त्यांनी विचारलं, “अशी आणखी किती दिली आहेत?”

“पुष्कळ.”

“कुठं कुठं आहेत?”

“बघायला जायची रीत नाय.”

त्या “बरं” म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

परत आल्यावर मीच कुत्रीचा विषय काढला. त्या म्हणाल्या, माज उतरून काही आठवडे जाऊ देत, मग आणा, तोवर एकही नर जवळ येता कामा नये. येताना सगळ्या वाटेत माझ्या डोळ्यांसमोर अंगणात बांधलेला तो कुत्रा होता. घरी पोचलो तर अंगण रिकामं.

“सोडून हाकलला मी त्याला,” बायको म्हणाली.

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर ऐकलं असतंत?” मग पोत्यावरच्या कुत्र्याकडे तिची नजर गेली आणि ती पाणी आणायला आत वळली.

जखमी कुत्रा माडीवर ठेवला, कुत्रीला मागच्या खोलीत घातलं आणि दारात काठी घेऊन मी बसलो. आजूबाजूच्या वाड्यांतले नर रोज हजर. बायको भांडी घासता घासता म्हणायची, “इतकी वर्षं आणून सोडलेत, आता हाकला.” मी हाकलत होतो.

मधेच एक दिवस बायकोला राखणीला बसवून कशेडीला जाऊन आलो. धाबेवाल्याला म्हटलं, पिल्लू मिळणार नाही, कुत्रीचं ऑपरेशन करतोय.

“शब्द फिरवलास? तू?” तो बाजेवरच्या ट्रकवाल्यांकडे वळला. “ऐका रे, म्हातारा फिरला!”

ते हसले. “हो, फिरलो,” म्हटलं. असं बोलायची सवय नाही. एस.टी.ला वेळ होता, तो सगळा त्यांच्यासमोर काढावा लागला.

कुत्रीचं ऑपरेशन झालं. आता तिच्या अंगावर मांस आलंय. मानेवर केस न आलेला तिचा मुलगाही आमच्याकडेच असतो, मोकळा. म्हैस बांधायला मी दावं उचललं की तो परसात निघून जातो. मी त्याला हाक मारत नाही.

मग मी रीत मोडली आणि पिल्लं बघायला निघालो. दिलेला शब्द मी कधी विसरत नाही अशी माझी ख्याती, पण दिलेली पिल्लं कुणाकुणाकडे गेली ते निम्म्याहून जास्त आठवत नाही. आठवतात त्या घरी जातो. दोन ठिकाणी कुत्रा मेलेला होता. एका ठिकाणी “कोण कुत्रा?” म्हणाले.

दासगावला एका बाईच्या ओट्यावर आमच्याच वळणाची कुत्री पाय पसरून झोपली होती. गळ्यात काही नाही. मला बघून बाई चपापली.

“बाबा, रागावू नका. तुमी बांधायला सांगितलेलं. मी नाय ऐकलं.”

“बरं केलंस गो,” मी म्हणालो. माझं ऐकलं नाही म्हणून मी आजवर कुणाला बरं म्हटलेलं नाही.

तिनं चहा केला, पण मी अर्धाच घेतला. पिल्लू दिलेलं पुढचं घर नदीच्या अंगाला होतं, आणि तिथल्या साखळीचा आवाज ओट्यावर ऐकू येत होता.