लिंबाजीमामांची कपाटं

लिंबाजीमामा गेल्याचं मला कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर कळलं. दीड महिना झाला. मी तेव्हा विद्यापीठात एम.एस्सी.च्या तासाला बसले होते. फळ्यावर मूलपेशींची आकृती होती आणि मी ती वहीत उतरवत राहिले... दुसरं काही सुचलंच नाही.

मामा आमच्या तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. शिक्षण सातवी. सत्र सुरू झालं की ज्या कपाटांचं काम नाही, त्यांच्या दारांवर ते कागदाची पट्टी चिकटवायचे आणि आत काय आहे त्याचं चित्र काढायचे. बेडूक, मासा, अंडं. कुलुपं केव्हाच हरवली होती, पण त्या पट्टीला कुणी हात लावत नसे.

त्यांची माझी ओळख माझ्या चुकीतून झाली. कोंबडीच्या गर्भाच्या प्रात्यक्षिकासाठी अंडी आणायची होती. मी स्टँडजवळच्या दुकानातून अर्धा डझन आणली. तीन दिवस उबवून फोडली, तर नुसता बलक. मामांनी ट्रेकडे बघितलं. "दिंद्रुडची ना तू, खेड्यातली? आन् कोंबड्याबिगरचं अंडं उबवाया आणलंस व्हय?" सगळे हसले. मीही हसले, पण मान वर करवेना. पुढच्या सोमवारी मामांनी नांदूरघाटहून, स्वतःच्या घरची गावरान अंडी आणली. भुशात ठेवून, टॉवेलात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून. ती तीन दिवस उबवली आणि कवचाला खिडकी पाडली, तेव्हा आत एक लाल ठिपका उडत होता. हृदय. बाजूला डोळ्याची काळी खूण.

मामा वाकून बघत राहिले. "इतकी वर्सं बघतोय. पर ह्याचं काळीज व्हायचं, त्याचा डोळा व्हायचा, हे त्यान्ला सांगतं कोण?" तो भाग आम्हाला नुकताच शिकवला होता. मी अडखळत सांगितलं, की सुरुवातीच्या पेशी काहीही होऊ शकतात. प्रत्येकीत मजकूर सगळा तोच असतो. वाढ होताना त्यातल्या काही भागांवर बारीक रासायनिक खुणा बसतात आणि ते भाग मिटतात. हृदयाच्या पेशीत डोळ्याचं कपाट बंद... तुमच्या पट्टीसारखं. मामांनी जरा विचार केला. "म्हंजी बंद हाय. रिकामं न्हाई."

त्याच वर्षी सेमिनारला मी उभी राहिले आणि चार वाक्यांत थांबले. पुढचं आठवेना. दुसऱ्या दिवशी दाखला काढण्याचा अर्ज लिहूनच आले. ऑफिस उघडायचं होतं, म्हणून प्रयोगशाळेत जाऊन बसले. मामांना म्हटलं, आमच्या घरात कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही, हे आमच्यात नाहीच. ते पट्ट्या कापत होते. वर न बघता म्हणाले, "अंड्यातल्या काळजाचं मला कुणी सांगितलं? तूच ना?" त्यांनी पुढची पट्टी कापली. "कपाट बंद हाय, पोरी. रिकामं असतं तर मी पट्टी कावून लावली असती?"

शास्त्र म्हणून हे उदाहरण चूक आहे, हे मला आता कळतं. भीती अशी एखाद्या जनुकावर पट्टीसारखी चिकटून बसलेली नसते. पण अर्ज मी दिला नाही. आमचे प्राणिशास्त्राचे सर पुन्हा संधी देईपर्यंत रोज चारनंतर मी मामांना तो विषय सांगायचे आणि ते काचा पुसत हुंकार द्यायचे. मी थांबले की तेही पुसायचे थांबायचे.

मागच्या आठवड्यात कॉलेजात गेले. मामांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. अंड्यांचं प्रात्यक्षिक होतं, सरांनी मदतीला बोलावलं. कपाटाच्या पट्टीवर मामांचं अंडं तसंच होतं. कडा ओल्या करून पट्टी अलगद सोडवली आणि वहीत ठेवली. पेशी दुभंगते तेव्हा जुन्या खुणा डीएनएच्या नव्या धाग्यावर पुन्हा उमटवाव्या लागतात, नाही तर आपण कोण हे ती विसरत जाते, असं मी परीक्षेत लिहिलं आहे. प्रात्यक्षिक संपल्यावर सामान आत ठेवलं, नवी पट्टी कापली. वर 'भ्रूणशास्त्र' लिहायला पेन टेकवला... आणि आधी अंडंच काढलं. माझं जरा लांबट झालं.