भाऊसोनं लिहिलेली पत्रिका

उंब्रजच्या अलीकडे महामार्ग सोडून नदीकडं वळलं की आमचं गाव लागतं. या गावात लग्नपत्रिका भाऊसोशिवाय कुणी लिहीत नसे. फौजेच्या बँडमध्ये सतरा वर्षं क्लॅरिनेट वाजवून आलेला माणूस. अक्षर सरळ, जणू ओळीखाली दोरी धरलेली. भावकीतल्या पन्नास-साठ नावांत कुणाचं आधी, कुणाचं मागं, हे त्याला पाठ. पत्रिकेत एक नाव सुटलं तर दोन घरं वर्षानुवर्षं बोलत नाहीत.

पेन्शन घेऊन आल्यावर त्याचे छंद तरी किती! परड्यात गुलाबाची कलमं बांधायचा. ऐकणारं कुणी उरलं नव्हतं, तरी बंद पडलेले रेडिओ उघडून बसायचा. कबुतरं पाळली, ती मांजरानं संपवली. पण जीव क्लॅरिनेटमध्ये. दिवस मावळताना तो ओट्यावर बसून फुंकायला लागला की धारा काढणारी माणसं हात थांबवायची. म्हसरं पान्हा चोरतात म्हणून त्याची बायको गोदावरी करवादायची, आणि स्वतःच चूल सोडून दारात येऊन उभी राहायची.

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी चहा पिताना तोंडाच्या कडेनं ओघळ आला. लकवा. मिरजेच्या दवाखान्यात महिना काढला. हात-पाय सुधारले, ओठ वाकडा राहिला. घरी येऊन त्यानं एकदा क्लॅरिनेट तोंडाला लावून पाहिली. वारा कडेनं सुटला. धाकटा भाऊ कृष्णात म्हणाला, "दादा, ठेव ती आता. बदकागत वाजाय लागलीय." माणसं हसली. भाऊसोही हसला. तो वाकडं हसला म्हणून माणसं आणखी हसली.

दवाखान्यात शेजारच्या खाटेवर सांगलीचे देवदत्त मास्तर होते. ख्रिस्ती माणूस, डोळ्यांनी अधू. ते भाऊसोकडून बायबल वाचून घ्यायचे. शब्द तोंडातून चिरडून बाहेर पडत, पण मास्तर घाई करत नसत. बोलता न येणाऱ्या माणसाच्या जिभेला येशूनं बोट लावलं आणि तो नीट बोलू लागला, ही गोष्ट भाऊसोनं तीनदा वाचली. चौथ्यांदा पुस्तक मिटलं.

"मला तर न्हाई केलं बरं," तो म्हणाला.

"मग तेच लिहा," मास्तर म्हणाले.

तेच त्यानं लिहिलं. मास्तरांनी ते सांगलीच्या एका ख्रिस्ती मासिकाला पाठवलं आणि छापून आलं. मग दर महिन्याला लिहू लागला. एका श्वासात वाजवता येईल एवढंच वाक्य लिहायचा, पुढचा श्वास घ्यायचा, मग पुढचं वाक्य. बाप्तिस्मा त्यानं घेतला नव्हता. घरातले देवही जागच्या जागी होते. मासिक गावात येत नव्हतं, म्हणून गावाला पत्ता नव्हता.

पत्ता लागला तो गेल्या वर्षी. त्या लेखांचं पुस्तक व्हायचं ठरलं, 'वाकड्या ओठांची प्रार्थना'. त्याचं मुखपृष्ठ, खाली भाऊसोचं नाव आणि गावाचं नाव, पुतण्या ऋषिराजनं भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. नेमका तेव्हाच भाऊसोच्या मुलीचा, पूजाचा, आष्ट्याच्या घरात साखरपुडा झालेला.

भाऊसो बाटला, अशी आवई उठली; आष्ट्याचं घर सोयरीक मोडंल या धास्तीनं भावकी कृष्णातच्या सोप्यात बसली. पुस्तक थांबव, नाहीतर बिननावाचं काढ, एवढंच मागणं होतं. भाऊसो म्हणाला, लिहिलं मी, नाव माझंच राहील. पूजा येऊन पायाशी बसली. लग्न होईपर्यंत तरी थांबा, म्हणून विनवू लागली.

"नाव झाकलं की लिवल्यालं समदं खोटं पडंल, बाय," तो म्हणाला.

पूजा उठून आत गेली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही, आणि त्याच्याशी दुसरंही काही बोलली नाही.

वाट काढली आष्ट्याच्या पाहुण्यांनी. नवऱ्या मुलाचा चुलता म्हणाला, "मेलेल्या माणसाचा धर्म कोण इचारत न्हाई." ठरलं. पत्रिकेत वडिलांच्या नावाआधी कै. लावायचं, कन्यादान कृष्णातनं करायचं, भाऊसोनं मांडवात यायचं नाही.

कृष्णात कागद घेऊन आला. "दादा, पत्रिका तूच लिव. दुसऱ्याला नावांचा क्रम जमत न्हाई."

भाऊसोनं लिहिली. अठ्ठावन्न नावं, एकाचाही क्रम चुकला नाही. स्वतःच्या नावाआधी त्यानं कै लिहिलं, पुढं टिंब दिलं. पुस्तकही निघेल आणि पोरीचं लगीनही होईल, असा त्याचा हिशेब. कागदावर मरणारा तो एकटाच आहे, असं त्याला वाटलं.

हळदीच्या दिवशी गोदावरी हिरवा चुडा भरून कृष्णातच्या दारातल्या मांडवात गेली आणि हळदीच्या वाटीत बोटं घालणार, तोच रंगूबाईनं तिचं मनगट धरलं. भावकीतली ही सगळ्यात जुनी बाई.

"पत्रिकेत तुजा मालक कैलासवासी हाय. तुजा हात हळदीला कसा चालंल?"

"आत्ता भाकरी वाढून आल्ये त्यास्नी," गोदावरी म्हणाली.

"घरात आसंल. कागदावर न्हाई."

रंगूबाई बाविसाव्या वर्षी विधवा झाली होती. पन्नास वर्षं ती प्रत्येक हळदीला मागं बसत आली. तिनं नियम सांगितला, दुसरं काही नाही. बायांनी माना खाली घातल्या. एक जण फिसकन हसली. पाटावर बसलेली पूजा आईकडं बघून हळूच म्हणाली, "आई, पाठीमागं बस."

गोदावरी घरी आली. भाऊसो ओट्यावर होता. तिनं उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. तो काठी घेऊन उठला. मांडवात जातो, जिता हाय म्हणून सगळ्यांना दाखवतो, म्हणाला.

"लगीन मोडंल. बसा."

तो बसला.

"लिवताना माझा इचार आला न्हाई व्हय?"

त्याचा ओठ हलला. लबाडी करता आली असती.

"न्हाई आला."

ती आत गेली. चुडा आदल्या दिवशीच कासाराकडून भरलेला, घट्ट. साबण लावून तिनं एकेक बांगडी उतरवली. ओल्या पदरानं कपाळ पुसलं. बाहेर येऊन मंगळसूत्र त्याच्या मांडीवर ठेवलं.

"संबाळा. पोरगी वाटंला लागली की घालते."

पदर डोक्यावरून ओढून ती पुन्हा मांडवात गेली. मागच्या कडेला खांबाशी रंगूबाई बसली होती. तिनं वर पाहिलं, आणि जरा सरकून गोदावरीला जागा करून दिली.