उत्तमरावांना तळ बघायचा होता

आम्हा पोहणाऱ्यांचे किस्से म्हणजे विहिरीतला गाळ. कितीही उपसा, खाली शिल्लक आहेच! आम्ही तसे तिघंच. धावड्याचे उत्तमराव, ज्यांच्या विहिरीत आम्ही सुट्टी दिसली की उड्या मारतो. मूळच्या परतूरच्या, भोकरदनला शिकवणाऱ्या मॅडम. आणि मी, मस्तगडचा मेडिकलवाला.

*

मॅडम चाळिशीनंतर पोहायला शिकल्या, पाठीला रिकामा डबा बांधून. उत्तमराव धीर द्यायला गेले, "घाबरू नका मॅडम! पाणी माणसाला खात न्हाई. फकस्त धरून ठेवतं!"

पुढे महिनाभर मॅडमनी पायरी सोडली नाही.

*

माझा भाचा निखिल लाल समुद्राकाठी डायव्हिंग शिकवतो. तिथे पाण्याखाली एक गोल, भयंकर खोल विवर आहे. ते बघायला त्यानं आम्हाला बोलावलं. निघताना उत्तमरावांच्या बायकोनं, कमलवहिनींनी, मॅडमना बाजूला घेतलं. "यांना बुडी मारली की तळाचा गाळ मुठीत आणायची खोड हाय. तिथं तळ लई खाली हाय म्हणे. तेवढं माणूस वापस आणा."

मॅडम म्हणाल्या, "बिलकुल!" म्हणायला काय जातं!

*

तिथे फॉर्म भरताना काउंटरवरच्या बाईनं विचारलं, आधी किती खोल गेला होतात? उत्तमराव म्हणाले, "पाच परस."

बाईला कळेना. मग उत्तमरावांनी उभं राहून दोन्ही हात वर केले. "हे एक. असे पाच!"

बाईनं शांतपणे लिहिलं, 'पाच माणसं'.

*

पंधरा दिवस कोर्स झाला. पाण्याखाली रंगीत मासे दिसले की उत्तमराव खुशीत अंगठा दाखवायचे, आणि निखिल त्यांना धरून वर आणायचा. असं तीनदा झालं!

"काका, अंगठा म्हणजे वर चला!"

"अरे, मी लाइक करून राह्यलो ना!"

*

शेवटी विवर दिसलं. कडेला उथळ फिकं पाणी आणि मधे गडद निळा गोल. उत्तमरावांनी पहिला प्रश्न विचारला, "विहीर कुणाची हाय?"

काठावरच्या खडकावर न परतलेल्यांच्या नावांच्या पाट्या होत्या. उत्तमरावांनी टोपी काढली. मॅडमनी एकेक नाव वाचलं.

आत उतरलो. वरून उन्हाच्या तिरप्या रेघा, भिंतीवर पोवळी, आणि खाली नुसता निळा रंग. हे बघायला मिळालं, याबद्दल मी आजही हात जोडतो.

तीस मीटरवर निखिलनं थांबायची खूण केली आणि माझा मास्क नीट करायला वळला. तेवढ्यात उत्तमराव खाली बघून हसले. त्या खोलीवर टाकीतल्या हवेचीच नशा चढते, हे कोर्समध्ये शिकवलं होतं. डोकं खाली करून ते सुटलेच!

मॅडमनी झेप घेऊन त्यांच्या पायातला रबरी फिन दोन्ही हातांनी धरला. उत्तमराव लाथा मारत होते. मॅडमनी सोडला नाही. निखिल पोचला आणि दोघांना हळूहळू वर घेऊन आला.

काठावर उत्तमराव म्हणाले, "मला वाटलं, तळ हातभर राह्यला." तो तिथून वीस मजले खाली होता.

मॅडमची बोटं आखडली होती, ती मी एकेक करून सरळ केली. त्या बाईचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

*

धावड्याला परत आलो तर अंगणात अख्खं गाव जमलेलं. कमलवहिनी चहा घेऊन उभ्या. कुणीतरी ओरडलं, "उत्तमराव, तळ लागला का?"

उत्तमरावांनी आधी वहिनींकडे बघितलं.

"न्हाई," ते म्हणाले. "मॅडमचा हात लागला."